बोलायची तार

एका यंत्राच्या बोलायच्या तारेला दुसऱ्याची ऐकायची तार जोडतात. मी बोलायचीला बोलायचीच जोडली. नागपूरजवळ कन्हानला, ट्रकच्या वजनकाट्यावरचा आकडा ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर उमटला नाही, तर माझी नोकरी जाणार होती. आकडा उमटेना, आणि चूक प्रोग्रॅमची समजून आठवडाभर मी तोच बदलत बसलो. त्या परक्या गावात सोबत एकच, काट्यावरचा म्हातारा चौकीदार. अडकित्त्याने सुपारी कातरून तो अर्धी माझ्यापुढे सरकवायचा आणि माझी सगळी रडगाणी ऐकून घ्यायचा.

शेवटी तारांची अदलाबदल केली, आकडा उमटला. निघताना मी हसत म्हणालो, "दोन्ही यंत्रं नुसती बोलत होती, काका. ऐकत कोणीच नव्हतं."

"तुह्यासारखीच गा," तो सुपारी कातरत म्हणाला. "रोज माह्यासमोर बोलून राहिला, कधी माहं नाव इचारलं काय?"