आठव्या खांबापाशी

दाजींना दाजी म्हणण्याचा हक्क खरं तर एकट्या मेहुण्याचा. पण तो त्यांच्याच बार्जवर, म्हणजे कामाच्या सपाट बोटीवर, त्यांची दोरी धरायचा आणि दिवसभर "दाजी, दाजी" करायचा. त्यामुळे इंजिनिअर बाईंपासून क्रेनवाल्यापर्यंत सगळ्यांचेच ते दाजी होऊन बसले.

दाजी पाणबुडे होते. शहराचे दोन भाग जोडणारा नवा पूल खाडीवर उभा राहत होता. प्रत्येक खांबासाठी आधी लोखंडाचा जाडजूड पाइप तळाशी बसवायचा. त्यात काँक्रीट ओतण्याआधी कोणीतरी खाली जाऊन त्याची कड खडकावर घट्ट टेकली आहे का, ते बघायचं. बघायचं म्हणजे चाचपायचं. शहराची घाण पोटात घेतलेलं ते पाणी. हेल्मेटच्या काचेला हात लावला तरी दिसायचा नाही. बावीस वर्षं दाजींनी बोटांनीच पाहिलं होतं.

सातव्या खांबाशी घात झाला. दाजी कडेशी वाकलेले असताना बाजूचा गाळ ढासळला आणि ते कमरेपर्यंत गाडले गेले. त्यांनी दोरीला चार हिसके दिले, म्हणजे वर घ्या. मेहुण्याने जोर लावला, पण गाळ सोडेना. उलट दोरीच छातीत रुतायला लागली. हेल्मेटातल्या फोनवर मेहुणा ओरडला, "दाजी, हलू नका! दुसरा माणूस उतरलाय!" दाजी हलले नाहीत. श्वास कानात भात्यासारखा वाजत होता आणि प्रत्येक श्वास शेवटचा वाटत होता. गाळ उपसून त्यांना मोकळं करायला चाळीस मिनिटं लागली.

डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात. पण घरी डोक्यावर पाणी ओतलं की दाजींचा जीव घाबराघुबरा व्हायचा.

"हल्ली दार उघडं टाकून आंघोळ करता, काय भानगड आहे?" बायकोने विचारलं.

"कडी अडकते."

"कडीला कालच तेल घातलंय मी."

दाजी टॉवेल झटकत राहिले.

"सांगून टाका ना ऑफिसात."

"काय सांगू? पाणबुड्याला पाण्याची भीती वाटते? पोट धरधरून हसतील."

"हसू देत. हसून हसून दमतील."

आठव्या खांबाच्या दिवशी दाजींनी सकाळीच सूट चढवला. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तो तिथेच थिजला. दुसरा उचलेना.

"दाजी, हवा कमी येतेय का?" इंजिनिअर बाईंनी विचारलं.

"हवा ठीक आहे, बाई. मीच ठीक नाही. भीती वाटते मला. खूप."

कोणी हसलं नाही.

"बरं झालं इथेच बोललात," बाई म्हणाल्या. "खाली गेल्यावर असं झालं असतं तर मी काय केलं असतं?"

मेहुणाही शिकलेला पाणबुड्या होता. त्याने सूट चढवला आणि दोरी दाजींच्या हातात आली.

सुटलो, असं दाजींना वाटलं. पण मेहुण्याचं डोकं पाण्याखाली गेलं आणि कळलं, कुठलं सुटणं! खाली असताना निदान स्वतःचा श्वास तरी ऐकू यायचा. इथे नुसती ओली दोरी. दर दोन मिनिटांनी एक हिसका, म्हणजे सगळं ठीक. पहिला आला, दुसरा आला. तिसरा आलाच नाही. दाजींनी हिसका दिला. उत्तर नाही. फोनवर नुसती खरखर. पुन्हा एक, पुन्हा एक. बायकोचा धाकटा भाऊ तो. तिला काय तोंड दाखवू? ओढून काढावं म्हणून हात शिवशिवत होते, पण दोरी छातीत कशी रुतते ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"बाई, दुसरा माणूस तयार ठेवा!" दाजी ओरडले.

तेवढ्यात फोन खरखरत बोलला, "दाजी, किती ओढाल? दोन्ही हात पाइपच्या कडेला आहेत माझे, तिसरा कुठून आणू?"

बार्जवर हशा पिकला. दाजींच्या मुठीतली दोरी मात्र सुटली नाही.

पुढच्या सगळ्या खांबांना दोरी त्यांनीच धरली. भीती काही गेली नाही. माणूस खाली असेपर्यंत ते पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. पण उतरणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "दोरीवर दाजीच आहेत ना?" एका नव्या पोराने मेहुण्याला कारण विचारलं, तर तो म्हणाला, "अरे, ते आपल्यापेक्षा जास्त घाबरतात."