दहीसाखर आणि कॅमेरा

पाटणकर बाजारातल्या तात्यासाहेबांना कुणी विचारलं, "सूनबाई काय करतात हल्ली?" की ते म्हणत, "मोबाइलवर एम.ए. करते," आणि असं काही तोंड करत, की विचारणाऱ्याची पुढे बोलायची हिंमत होत नसे. तेहतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलेला माणूस! वर्ग नाही, फळा नाही, मास्तरांचा धाक नाही, ही कसली पदवी, असं त्यांचं रोखठोक मत होतं.

शामला मुकाट्यानं ऐकून घेई. किला गेटजवळच्या शाळेत नऊ वर्षं हंगामी शिकवल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी तिला सांगण्यात आलं होतं, की दोन वर्षांत गणिताची एम.ए. केली तरच नोकरी पक्की, नाहीतर घरी बसा. मग काय! पहाटे साडेचारला उठून, आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून ती मोबाइलसमोर बसे. अभ्यासाला गबाळं बसायचं नाही, हा तिचा नेम. सरांचं व्याख्यान मध्येच थांबवून गणित आधी स्वतः सोडवी. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अशा अकरा जाड वह्या भरल्या. तात्यांनी एकदा गुपचूप एक उघडली. चुका काढायला गेले आणि तासभर वाचतच बसले. बाई भलतीच चिवट, हे कबूल करायलाच हवं.

म्हणूनच शेवटच्या पेपरच्या सकाळी म्हाताऱ्याला मायेचं भरतं आलं. दहीसाखर खाल्ल्याशिवाय या घरातून कुणी परीक्षेला गेलं नव्हतं. पण ही गेलीच कुठे होती? आतल्या खोलीतच तर बसली होती! तात्यांनी वाटी घेतली, दार ढकललं आणि "घे गं बाळ" म्हणत चमचा थेट तिच्या तोंडाशी नेला.

"आजोबा, ये क्या किया! कॅमेरे में आ गए आप!" हिंदी शाळेत शिकणारी नात मंजिरी बाहेरून ओरडली.

परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसताच पेपर तिथल्या तिथे बंद पडला. शामलाचा चेहरा पांढराफटक. दोन वर्षांची मेहनत तात्यांनी एका चमच्यात बुडवली होती! शामलानं विद्यापीठाला खरं काय ते लिहून कळवलं. उत्तर आलं: पेपरऐवजी तोंडी परीक्षा घेऊ. त्यात नापास, तर पुढच्या वर्षी या.

तोंडी परीक्षेच्या दिवशी तात्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. पडद्यावरचे तीन प्राध्यापक तिला एकामागून एक प्रश्न विचारत होते. एके ठिकाणी ती अडली. "थांबा सर, चुकले. पुन्हा मांडते," म्हणाली आणि खरंच पुन्हा मांडलं. तास उलटून गेला. एवढ्या वर्षांत आपण एका तरी पोराला असं तासभर ऐकून घेतलं का? साठांचा वर्ग, फळ्याकडे तोंड, घंटा झाली की बाहेर. तात्यांना लाज वाटली.

शेवटी एका सरांनी विचारलं, "एवढी तयारी आहे, मग तरुणपणीच कॉलेजात जाऊन का नाही केलंत?"

"तेव्हा सवड नव्हती, सर."

तात्यांना बसवेना. लग्नाच्या वर्षी तिला त्यांच्याच कॉलेजात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. "माझी सून पोरांमध्ये बाकावर बसणार नाही," म्हणत प्रवेश त्यांनीच रद्द करवला होता.

दार उघडलं. "पास झाले, तात्या!" तिचे डोळे भरले होते.

"खोटं का बोललीस?" तात्या म्हणाले. "सवड होती. मी अडवलं होतं."

"असू दे, तात्या," शामला म्हणाली. "परक्यांसमोर घरातलं कशाला काढायचं?"