फाटकासमोरची टपरी

"हात पुढे कर," म्हणत बाई मुलाची बोटं नाकाशी न्यायच्या. भिवंडीतल्या आमच्या शाळेत मधली सुट्टी संपली की नववी-दहावीच्या दारात त्या उभ्या असायच्याच. पोरंही तयारीची. कोणी बडीशेप चोळून यायचा, कोणी लिंबाची साल. बाई वास घेऊन म्हणायच्या, "लिंबू छान आहे. सिगारेट कुठून आणलीस?" वर्ग हसायचा, तो मुलगाही. मग त्याला बाजूला घेऊन डबा खाल्लास का, असं विचारायच्या.

मी तिथेच भूगोल शिकवायचे. अशा शिक्षिका तुम्हीही पाहिल्या असतील. आपण त्यांच्याकडे बघून जरा हसतो आणि आपल्या तासाला जातो.

बाई टपऱ्यांवरही जायच्या. "गणवेश दिसत नाही का तुम्हाला?" उत्तर ठरलेलं, "बाप के लिए लेके जाता है, टीचर."

मग शाळेच्या फाटकासमोरच नवी टपरी आली. टपरीवाला बाईंचाच जुना विद्यार्थी. लूमवर होता, कारखाना बंद पडला. बाईंना पाहून खाली उतरला, पाया पडला.

"पोरांना देऊ नकोस रे."

"नाय देत, बाई."

देत होता. बाईंनी पुन्हा समजावलं, शेवटी पालिकेत तक्रार केली. गाडी आली, टपरी उचलून नेली. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. "त्याची मुलगी आपल्याकडेच पहिलीत आहे," एवढंच म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत टपरी परत तिथेच. बाई मला घेऊन गेल्या. तो चिडलेला नव्हता. स्टूल बाहेर काढून दिलं, पाण्याची बाटली दिली. "मी नाय दिली तर कोपऱ्यावरचा देतो, बाई. पोरं सोडतात थोडीच?"

तेवढ्यात आमच्याच नववीतले दोघं आले. बाईंना बघून मागे सरकले.

"या रे," तो हळूच म्हणाला, "बाईंना माहीत हाय."

त्याने सुट्ट्या सिगारेटी काढून दिल्या. बाई बाटलीचं झाकण लावत-काढत राहिल्या. पोरांनी तिथेच, त्यांच्यादेखत, टपरीला दोरीने टांगलेल्या लायटरने सिगारेटी पेटवल्या.

त्याच वर्षी बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाल्या. आता अकलोलीला भावाकडे असतात. मी अधूनमधून फोन करते. माझ्या गुडघ्यांचं विचारतात, नव्या मुख्याध्यापकांचं विचारतात. मुलांचं विचारत नाहीत.