सोरा जळत नाही

आमच्या घरात एक रीत आहे. केळीची बाग कापणीला आली की सगळ्यात भरलेला घड आबा, म्हणजे माझे सासरे, पद्मालयाच्या गणपतीला नेतात. वाटण्या झाल्यापासून दरवर्षी तो घड मोठ्या जावेच्या बागेतला. बांध एक, पाणी एक, रोपंही एकाच ठिकाणची, आणि घड मात्र तिचा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा, फक्त एकदा, आबांच्या तोंडून 'धाकलीचा घड' ऐकायचं होतं मला.

"अक्का, टाकता तरी काय हो?" मी तिला विचारलं. तर म्हणे, "काही नाही गं, देवाची कृपा." कसली कृपा! घड निसवून बाहेर आले तशी मी बांधावरून डोळा ठेवला. बाई ठिबकच्या टाकीत पांढरी पूड ढवळत होती. पुढं वाऱ्यानं तिची खताची रिकामी गोणी माझ्याकडे उडून आली. वर लिहिलं होतं, तेरा-शून्य-पंचेचाळीस. दुसऱ्याच दिवशी एरंडोलहून तीच गोणी आणायला लावली मी आमच्या ह्यांना.

त्या संध्याकाळी अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होते. आबा आले. गोणीतली चिमूट त्यांनी जिभेला लावली, उरलेली निखाऱ्यावर टाकली. फर्रकन असा जाळ उठला की मी मागेच सरले.

"अय, हाऊ ते सोरा शे!" आबा खूश झाले.

मग बसले सांगत. त्यांचे आजोबा गोठ्याच्या भिंतींना फुटलेला पांढरा थर खरवडून आणायचे, पाण्यात भिजवून, गाळून, कढईत उकळायचे. निवलं की तळाशी सोऱ्याचे खडे. जत्रेतल्या दारूकामाला तोच, सोनाराला तोच. पारोळ्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या असतील त्याही त्याच्याच जोरावर. आणि आता केळीला!

"पण केवढा जळतो हो आबा," मी म्हटलं.

सोरा स्वतः जळत नाही, आबा म्हणाले, जवळ जे असेल त्याला पेटवतो.

माझं लक्ष वांग्यांकडे होतं. शिवाय मला कुणाला पेटवायचं ते ठरलेलंच होतं.

यंदा माझे घड असे भरले की झाडांना टेकू द्यावे लागले. आबा दोन्ही बागांतून फिरले, माझ्या एका घडापाशी थांबले आणि म्हणाले, "हाऊच." मी आधी मोठीकडे बघितलं. म्हटलं, आता बघू दे तुझा चेहरा!

तर ही बया धावत आली, घडाला एका बाजूनं हात लावला, गाडीत माझ्या शेजारी बसली. देवळात पोचल्यावर दिसेल त्याला सांगत सुटली, "आमच्या धाकलीचा घड बरं का! कसा भरलाय बघा!" आणि तोंडभर हसली. आबा तिच्याकडे इतक्या कौतुकानं बघत होते, की माझा घड कुणी बघितलाच नाही.

मेली खरंच सोरा आहे.