कापायच्या आधीचा फोटो

उजव्या कोपराखाली आतल्या बाजूला आलेली गाठ मी वर्षभर बाहीत लपवली. आमचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा. त्यात हात गेला की माणूस गेला. सातवीत शाळा सोडून मामांबरोबर कोइमतूरला आलो, तेव्हापासून भट्टीतली तापलेली मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, चिमट्यानं उचलणं एवढंच मला येतं.

एकदा मामांना गाठ दिसलीच. "चरबी हाय रं. काढून टाकू." तिथल्या डॉक्टरनंही तेच सांगितलं. वीस मिनिटांचं काम, बधिर करून कापू, चालत घरी जा. गावची यात्रा करून परतलो की सोमवारी कापायचं ठरलं.

यात्रेला दोघंही वडूजकडं आलो. खोकल्यासाठी तालुक्याच्या डॉक्टरांकडं गेलो, तर त्यांनी गाठीवर सहज टिचकी मारली. करंट लागावा तशी कळ थेट मधल्या बोटाच्या टोकापर्यंत गेली. ते म्हणाले, "याला सुरी लावू नका. आधी सांगलीला फोटो काढा."

मामा वैतागले. सगळा जन्म भट्टीपुढं गेलेला माणूस. "गाळल्याबिगर आत काय हाय ते कवा कळतं व्हय?" तरी एसटीत माझ्याशेजारी येऊन बसले ते तेच.

सांगलीत सोनोग्राफीच्या मॅडमनी मनगटापासून यंत्र हळूहळू वर सरकवलं. "ही तुमची नस," पडद्यावरचा ठिपका दाखवत त्या म्हणाल्या. वर जाता जाता ती नस एका काळ्या गोळ्यात शिरली आणि पलीकडून बाहेर पडली. मॅडम थांबल्या. यंत्र मागं नेलं, परत त्याच गोळ्यावर आणलं.

"ही चरबी नाही. नसेचीच गाठ दिसतेय. चरबी समजून कापली असती तर नसही तुटली असती. अंगठा आणि शेजारची बोटं हीच नस सांभाळते. एमआरआय करू."

"म्हंजी कॅन्सर?" मामांनीच विचारलं. माझा धीर झाला नसता.

"तसं मी म्हटलं नाही. बहुतेक साध्या असतात."

ते 'बहुतेक' घेऊन मी दोन दिवस काढले. जेवण जाईना.

एमआरआयच्या दारात अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. माझ्या कमरेला चांदीचा करदोडा. तिथल्या माणसानं हात पुढं केला तसे मामा आडवे आले. "आवं साहेब, जित्या माणसाचा करदोडा काढत न्हाईत."

"मामा, मशीनला रीत कळत नाही," तो माणूस म्हणाला.

"न का कळंना. पाच मिनिटं थांबायला तर येतंय न्हवं?"

मामा भर उन्हात पळत जाऊन काळा दोरा घेऊन आले. आधी तो बांधला, मगच चांदीचा सोडला. तो माणूस हसला. मला हसू आलं नाही. मामा घाबरलेत हे मला तेव्हा कळलं, आणि मी दुप्पट घाबरलो.

आत हात डोक्यावर ताणून पालथा पडलो. हलायचं नाही. कानाशी ठकठक चाललेली, बोटांना मुंग्या आलेल्या. बोट हललं असेल का, फोटो बिघडला असेल का, हेच डोक्यात.

दुपारी मॅडमनी फिल्म उजेडाला लावली. कडा स्वच्छ आहेत, आजूबाजूला पसरलेली नाही, साधीच वाटते. पक्कं काय ते गाठ काढून तपासल्यावर कळेल. नसेचे बरेचसे धागे एका कडेनं गेलेत, सर्जन ते दुर्बिणीतून सोडवू शकतील.

"चिमटा धरता येईल?" मी विचारलं.

"शब्द देत नाही. पण आता कापणाऱ्याला नस कुठे आहे ते आधीच माहीत असेल."

मामा बाहेर गेले आणि कोइमतूरला फोन लावून अर्ध्या तमिळात ओरडले, "वेंडाम, वेंडाम! सोमवार नको!" मग पायरीवर बसले. माझ्या हाताकडं बघेनात. "गड्या, मीच तुला हाताला धरून न्हेनार हुतो."

महिन्याभरात सांगलीतच ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. चिमटा धरतो. मधल्या बोटाच्या टोकाला अजून ऊन-गार कळत नाही, म्हणून ते बोट जपावं लागतं. कधी बोटांना मुंग्या आल्या तरी काळजात धस्स होतं, आणि मग त्या मॅडम आठवतात. टाके निघाले तशी कोइमतूरची गाडी धरली, त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.