अप्पांची पुण्यतिथी आणि नरसम्मा आजींची गोळी

गेल्या गुरुवारी आमच्या अप्पांची पुण्यतिथी होती... आणि मी मठात नव्हते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मेडिकलच्या काउंटरवर उभी होते, रोजच्यासारखी.

अप्पा म्हणजे माझे गुरू. अक्कलकोटच्या वाटेवर एका खेड्यात त्यांचा छोटासा मठ आहे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांत एकही पुण्यतिथी मी चुकवली नव्हती.

या वेळी माझ्यासोबत काम करणाऱ्या सविताचे वडील आदल्या दिवशी अचानक ॲडमिट झाले. दुकानाचे मालक रफिकभाई म्हणाले होते की तू जा, मी सांभाळतो. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. त्यांना दिवसभर उभं करून मी आरतीला कशी जाणार?

राहिले. पण मनातून धुसफुसत होते... खोटं कशाला बोलू.

मग मठातल्या एका गुरुभगिनीने आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावायचं कबूल केलं. बारा वाजायच्या आधीच मी मोबाईल काउंटरवर उभा करून ठेवला, एका कानात इअरफोन घातला. वाटलं, चला, देहाने इथं, मनाने तिथं.

आणि नेमकी तेव्हाच गर्दी झाली. मी चिठ्ठ्या घेत होते, गोळ्या काढत होते आणि मिनिटामिनिटाला स्क्रीनकडे बघत होते. कॉल मध्येच अडकायचा. अप्पांच्या फोटोला हार घालताना नीट दिसलं नाही, म्हणून समोरच्या एका बाईंना मी तोडूनच बोलले.

तेवढ्यात नरसम्मा आजी आल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. विड्या वळून मुलं मोठी केलेली बाई... घरात तेलुगू, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. दर महिन्याला त्यांची शुगरची गोळी मीच देते, त्यामुळे चिठ्ठी उघडायचीही गरज वाटायची नाही.

त्या काहीतरी सांगत होत्या. मी नुसतं "हो, हो" म्हणत होते. कानात आरती सुरू झाली होती.

सवयीने ड्रॉवर उघडला, गोळ्यांची नेहमीची पट्टी काढली, पाकिटात घातली आणि स्क्रीनवरची नजर न हलवता हात पुढे केला.

पाकीट कुणी घेईना. म्हणून खाली बघितलं, तर माझा हात भलतीकडेच होता. आजींनी काठी काउंटरला टेकवून दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली होती... प्रसादाला करतात तशी.

ती ओंजळ बघितली आणि एकदम अप्पा असतानाचा मठातला एक उत्सव आठवला. मी नवीन होते. प्रसादाची रांग लांबलचक, आणि मी मैत्रिणीशी गप्पा मारत भराभर ओंजळींत शिरा टाकत पुढे सरकत होते. अप्पा मागे येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "हात देतोय खरं... तू कुटं हायस?"

मग माझ्या हातातलं भांडं घेऊन त्यांनी स्वतः वाढलं. समोरच्याच्या तोंडाकडे एकदा बघायचे, मगच वाढायचे. शेवटच्या माणसापर्यंत.

मी मान वर केली. आजींच्या कपाळावर जखमेची पट्टी होती. एवढा वेळ त्या समोर उभ्या होत्या आणि मला ती दिसलीच नव्हती.

इअरफोन काढला आणि काय झालं म्हणून विचारलं.

"मगाशी सांगितलं की," आजी म्हणाल्या. "शुगर लई कमी झाली, मोरीत पडले मी. डॉक्टर गोळी बदलला."

चिठ्ठी उघडली. गोळी तीच होती, पण पॉवर निम्मी करून दिलेली. मी पाकिटात घातली होती ती जुनी... दुप्पट. आजी घरात एकट्या असतात, मुलगा पुण्याला. पुढचा विचारही करवेना.

कॉल बंद केला. आरती अर्धीच राहिली. बरोबर पट्टी काढून चिठ्ठीशी दोनदा ताडून बघितली. आजींना स्टुलावर बसवलं, घरात जुन्या गोळ्या उरल्यात का ते विचारलं. उरल्या होत्या, आणि दोन्ही एकाच डब्यात जाणार होत्या. जुन्या परत आणून द्या म्हणून बजावलं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण ते जमेना. मी तुम्हाला चुकीची गोळी देत होते, असं त्यांना सांगून टाकलं.

आजींनी नवं पाकीट पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "दिली नाहीस न... बघितलीस. बास."

रफिकभाईंनाही सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. म्हणाले, त्यांच्या हातूनही एकदा असंच होता होता राहिलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी नियमच केला... गिऱ्हाईक कितीही जुनं असो, चिठ्ठी वाचूनच गोळी काढायची आणि काउंटरवर फोन ठेवायचा नाही. स्वतःचा फोनही त्यांनी आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आजी जुन्या गोळ्या पदराच्या गाठीत बांधून घेऊन आल्या. तोवर मठातून माझ्या वाटणीचा शिराही पोचला होता. आम्ही तो वाटून खाल्ला. आजींना शुगरमुळे अगदी चिमूटभर... पण देताना त्यांच्या तोंडाकडे नीट बघून दिला.

इतकी वर्षं मी त्या दिवशी मठात जाऊन डोकं टेकवून येत होते. वाटायचं, झाली आठवण. अप्पांनी शिकवलेलं मात्र मठातच ठेवून येत होते, हे आत्ता कळलं.

आजी बऱ्या आहेत, अप्पा. तुमची कृपा.