गल्लीतला खोटा कॅमेरा

सिनेमावाल्यांना आमचं घर आवडलं, कारण त्यांच्या गोष्टीतला मास्तर अशाच घरात राहणारा होता. मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागं दोन खोल्या, वर गच्ची. बाहेरच्या खोलीत मी ब्लाऊज शिवते. दिग्दर्शक करमाडचा, माझ्या नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाचा धाकटा भाऊ. नाही म्हणता आलं नाही.

गोष्ट त्यानं मला थोडक्यात सांगितली. मास्तर सरकारविरुद्ध बोलतो. मग त्याच्यावर पाळत ठेवली जाते, गल्लीत कॅमेरा लागतो आणि एक दिवस पोलिस त्याला घरातून फरफटत नेतात. ती मारहाण माझ्या स्वयंपाकघरात झाली. कुणाला खरं लागत नव्हतं, हे मला समोर दिसत होतं. तरी मास्तर झालेला माणूस असा ओरडायचा की मी कानांवर हात ठेवायचे. गल्लीला तर काही दिसत नव्हतं, फक्त ओरडणं ऐकू जात होतं.

शूटिंग संपलं, सामान गेलं. आमच्या दारासमोरच्या खांबावर लावलेला खोटा कॅमेरा मात्र तसाच राहिला. फोन केला तर दिग्दर्शक म्हणाला, "राहू द्या ना ताई, एक सीन बाकी आहे."

समोर माझी मैत्रीण राहते. सरकारी शाळेत खिचडी शिजवते. दुपारी ती शाळेतून आली की तिच्या पायरीवर चार-पाच बायका जमायच्या. पाण्यासाठी मोर्चा काढायचं घाटत होतं. शूटिंग चालू होतं तेव्हाही आम्ही बसायचो. सिनेमावाले त्या वेळी जेवून आमच्या गच्चीवर पडलेले असायचे.

आता मी गेले की मोर्च्याचं बोलणं बंद होऊन मेथीच्या भावावर यायला लागलं. मग पायरीच रिकामी राहायला लागली. एकदा ती तांदूळ निवडत होती, तेव्हा मी विचारलंच.

"त्या कॅमेऱ्यामुळं का गं? खोटा आहे तो."

"व्हय का? मग लाल दिवा कशापायी लागतो त्याचा?"

"सेलवर लागतो. सिनेमात दिसायला."

"तुला म्हाईत असंल बाई," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात बघायला लागली.

रविवारी नवऱ्याला शिडी लावून तो काढायला लावला. पेचकसानं उघडला तर आत एक दिवा आणि सेल, बाकी पोकळ. तसाच उघडा घेऊन मी तिच्याकडं गेले. तिनं उलटासुलटा करून पाहिला.

"आतलं काढून घेतलं असंल," ती म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

मला राग आला. मोर्चाही त्यांनी मला न सांगता काढला. हंडे घेऊन बायका दारावरून गेल्या, ते मी मशीनवर बसून खिडकीतून पाहिलं.

पुढं सिनेमा तयार झाला. शहागंजच्या पलीकडं एका लहान हॉलात दाखवणार होते. मी मैत्रिणीला चल म्हटलं. ती लगेच तयार झाली, याचंच मला नवल वाटलं.

अर्धा सिनेमा झाला असेल. पडद्यावर एकदम काळंपांढरं चित्र आलं. उंचावरून दिसणारी एक गल्ली. गल्ली आमची होती. पायरीवर बायका, मधोमध माझी मैत्रीण हात नाचवून बोलत होती. आवाज नव्हता. सिनेमातला पोलिस साहेब टीव्हीवर तेच चित्र बघत तिच्या तोंडावर बोट ठेवून शिपायाला विचारत होता, "ही कोण?"

"तुझ्या गच्चीवरनं हाय हे," ती हळूच म्हणाली.

"आईशपथ, मला माहीत नव्हतं."



सिनेमा सुटल्यावर मी दिग्दर्शकाला बाजूला घेतलं. "आम्हाला विचारलं का तुम्ही?"

"विचारलं असतं तर तुम्ही अशा बसल्या नसत्या, ताई," तो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"माझी नोकरी सरकारी शाळंत हाय," मैत्रीण म्हणाली. "माझं तोंड काढ त्याच्यातनं."

"काढतो, काढतो," म्हणत तो दुसऱ्या पाहुण्यांकडं वळला. सिनेमा नंतर गावोगाव फिरला. तेवढा तुकडा काढला की नाही, आम्हाला कळलं नाही.

त्या दिवशी हॉलातून परतताना रिक्षात मी तिला विचारलं, "तुला अजून वाटतं का, मला माहीत होतं म्हणून?"

ती म्हणाली, "तू बी हायस की त्याच्यात. पण पाठमोरी. आमच्या समद्यांची तोंडं आलीत, तुझं तेवढं नाय."

त्या दुपारी मी तशी का बसले होते, हे मला आठवतच नव्हतं.

ब्लाऊज ती अजून माझ्याकडंच टाकते. सणाला पुरणपोळी पाठवते. पण पाण्याची बैठक आता तिच्या आतल्या खोलीत होते, आणि तिथं काय ठरलं ते मला दुसऱ्या बायकांकडून कळतं.